जळगाव-धुळ्यात रशियन टीव्ही स्टुडिओ कॅमेरे कसे जमवावेत

(नवशिक्यांसाठी)

या छंदाचं पूर्ण नाव 'जुने सोव्हिएत टेलिव्हिजन स्टुडिओ कॅमेरे जमवणे व त्यांची नोंद ठेवणे' असं आहे. नाव लांबलचक आहे म्हणून घाबरू नका. जसजसा हात बसेल तसतसा त्यातला एकेक शब्द आपोआप गळून पडेल.

छंद म्हणून याचे फायदे पुष्कळ. जुनी नाणी किंवा पोस्टाची तिकिटं जमवायला गेलात तर गल्लोगल्ली जाणकार भेटतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत चांगला माल उचलून नेतात. इथे ती भीती नाही. मुक्ताईनगरपासून साक्रीपर्यंत या क्षेत्रात तुम्हाला एकही प्रतिस्पर्धी नाही. मी सहा वर्षं एकटाच आहे. घरच्यांच्या मते ही संख्याही एकाने जास्तच आहे.

लागणारं साहित्य

दोनशे पानी रजिस्टर एक. पेन्सिली दोन. मोजपट्टीची टेप, टॉर्च, नखपॉलिशच्या बाटलीतला ब्रश (धुऊन घेतलेला), जुन्या बनियनचं मऊ फडकं, भिंग. उन्हाळ्यात निघायचं तर खिशात कांदा आणि डोक्यावर बागायतदार रुमाल. पारा पंचेचाळिसाला टेकला की छंदाबद्दलचं प्रेम दुपारी बारानंतर टिकत नाही. घरात रिकामा माळा असावा. माळा रिकामा नसेल तर आईची किंवा बायकोची संमती घ्यावी. ती तोंडी चालत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

पायरी पहिली: माल ओळखायला शिका

जुना स्टुडिओ कॅमेरा म्हणजे चाकांच्या स्टँडवर ठेवलेली लोखंडी ट्रंक समजा. पुढच्या बाजूला भिंगं. फार जुन्या नमुन्यांत एकच भिंग नसे, फिरत्या तबकडीवर तीन-चार भिंगं बसवलेली असत. जवळचं दृश्य हवं की तबकडी फिरवायची, लांबचं हवं की पुन्हा फिरवायची. मागच्या बाजूला छोटा टीव्ही, कॅमेरामनला चित्र दिसावं म्हणून. आणि शेपटीसारखी मनगटाएवढी जाड केबल, तिच्या पोटात बारीक तारांचा जुडगा. ही केबल दुसऱ्या खोलीतल्या कपाटाएवढ्या यंत्राला जोडलेली असे. त्यामुळे ज्याला वाटतं आपल्याला कॅमेरा मिळाला, त्याला खरं तर अर्धाच कॅमेरा मिळालेला असतो.

पोटात फिल्म नसते, काचेची नळी असते. तिच्या पडद्यावर चित्र पडतं आणि इलेक्ट्रॉनांचा झोत ते ओळीओळीने वाचून काढतो. एका चित्राला ६२५ ओळी. रशियनांच्याही ६२५ आणि आपल्याही ६२५. वीजही दोन्हीकडे २२०-२३० व्होल्टच्या आसपास, ५० सायकल. म्हणजे असा कॅमेरा त्या कपाटासकट जळगावात सापडलाच, तर आपल्या भिंतीतल्या विजेवर तो चालायला हरकत नाही. भारनियमन नसताना पाहावं.

नावाचं म्हणाल तर सोव्हिएत स्टुडिओ कॅमेऱ्यांवर 'केटी' आणि पुढे आकडा असतो, उदाहरणार्थ केटी-१३२. अक्षरं रशियन. त्यात इंग्रजी एच दिसला की 'न' वाचायचा, पी दिसला की 'र', सी दिसला की 'स' आणि तिनाचा आकडा दिसला की 'झ'. एवढं पाठ केलंत की तुम्ही तज्ज्ञ.

चारचौघांत टाकायला थोडा इतिहासही जवळ ठेवा. 'टेलिव्हिजन' हा शब्द पहिल्यांदा १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी भरलेल्या परिषदेत कॉन्स्टंटिन पेर्स्की या रशियन माणसाने वापरला. सेंट पीटर्सबर्गच्या बोरिस रोझिंगने नळीवर चित्र उमटवण्याचे अगदी सुरुवातीचे प्रयोग केले. त्याचा विद्यार्थी व्लादिमिर झ्वोरिकिन क्रांतीनंतर अमेरिकेला गेला आणि आयकॉनोस्कोप ही कॅमेऱ्याची नळी त्याने तिकडे घडवली. गुरूची मात्र आर्खांगेल्स्कला हद्दपारी झाली आणि १९३३ साली तो तिथेच वारला. पुढे मॉस्कोच्या टीव्ही केंद्रासाठी सोव्हिएत सरकारने यंत्रं विकत घेतली ती झ्वोरिकिन जिथे कामाला होता त्याच अमेरिकन कंपनीकडून. घरचं पोर दुसऱ्या गावी दुकान थाटतं आणि बापाला तिथून रोख पैसे मोजून माल आणावा लागतो, तशातला प्रकार.

*सूचना:* काचेच्या नळीला हात लावू नका. टीव्हीच्या पोटात वीज बंद केल्यावरही दाब टिकून राहतो. आमच्या ओळखीच्या टीव्ही मेकॅनिकने हा धडा १९८८ साली घेतला. तो अजूनही स्क्रू-ड्रायव्हर डाव्याच हातात धरतो.

पायरी दुसरी: इथे तो का मिळत नाही, हे समजून घ्या

दिल्लीत टीव्ही १९५९ साली सुरू झाला, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. स्टुडिओ म्हणजे मुंबईत वरळी. जळगावला आकाशवाणीचं केंद्र आलं, पण आकाशवाणीला डोळे नसतात, कानच असतात. खान्देशात टीव्ही आला तो चित्र पुढे ढकलणाऱ्या मनोऱ्याच्या रूपाने. मनोऱ्याला कॅमेरा लागत नाही.

आणि वरळीला उभे राहिले ते कॅमेरेही रशियन नव्हतेच. रंगीत टीव्ही १९८२ साली आला तेव्हा आपण जर्मनांची पाल पद्धत उचलली. रशियनांनी १९६७ पासून फ्रेंचांची सेकाम धरलेली होती. मैत्री पक्की होती. भिलाईचा पोलादाचा कारखाना, मिग विमानं, स्वस्तातली जाडजूड पुस्तकं, सगळं रशियाहून आलं. रंगाच्या बाबतीत मात्र दोन्ही घरांचं गोत्र जुळलं नाही.

एवढं कळल्यावर बहुतेक नवशिके छंद सोडतात. तुम्ही सोडू नका. जी वस्तू मिळतच नाही ती शोधायला वेळ कमी पडत नाही.

पायरी तिसरी: बाजारात विचारपूस

सुरुवात जळगावपासून करा. गोलाणी मार्केटमध्ये जा आणि 'टीव्ही कॅमेरा आहे का?' असं स्पष्ट विचारा. उत्तर येईल, "किती चॅनलचा देऊ? चारचा का आठचा?" हा माणूस तुम्हाला सीसीटीव्ही विकतो आहे. नम्रपणे नाही म्हणा. तो विचारेल, "दुकान आहे का शेत?" आता केळीच्या बागेवरही कॅमेरे बसतात.

मग जुन्या फोटो स्टुडिओत जा आणि 'स्टुडिओ कॅमेरा' विचारा. तिथे मात्र मान डोलवत म्हातारे गृहस्थ आतून खरोखरच काहीतरी घेऊन येतील: सागवानी पेटी, मधे काळा भाता, मागे काळं फडकं. देखणी वस्तू आहे. पण रशियन नाही, टीव्हीचा नाही आणि त्यांच्या वडिलांचा असल्यामुळे विकायचाही नाही. इथे तुमच्या लक्षात येईल की 'स्टुडिओ' या शब्दाने घोटाळा होतो. तो गाळा.

आता धुळ्याला. एरंडोल, पारोळा करत एसटी दोन-अडीच तासांत पोचवते. धुळे हे नोंद ठेवणाऱ्यांचं आवडतं शहर आहे, कारण त्याने आपल्या गल्ल्यांनाच नंबर दिले आहेत. 'गल्ली नंबर चार' असं रजिस्टरात लिहिलं की पत्ता झाला. नगररचना आखणाऱ्या कॅप्टन ब्रिग्जला माझ्यासारखाच छंद असावा.

इथल्या एका भंगारवाल्याकडे मी सहा वर्षांपूर्वी माझी पहिली खरेदी केली. (भंगारवाल्याचं नाव छापत नाही, अजून येणंजाणं आहे.) त्याने पोत्याखालून वस्तू काढली आणि म्हणाला, "प्युअर रशियन, भाऊ. टीव्हीवाला." वजनकाट्यावर टाकली, किलोचा भाव लावला. मी उपरण्यात गुंडाळून एसटीने आणली. मांडीवर पाहून शेजारच्या आजी अहिराणीत म्हणाल्या, "हाई काय शे, भाऊ?" मी म्हटलं, "टीव्ही कॅमेरा, रशियाचा." त्यांनी पिशवी माझ्यापासून चार बोटं लांब सरकवली.

घरी धूळ झटकली तर खाली लिहिलेलं निघालं, मेड इन जपान. लग्नाच्या शूटिंगचा, खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा. पोटात कॅसेट अडकलेली होती. तिच्या पट्टीवर बॉलपेनने एकच शब्द: 'हळद'. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही.

या प्रसंगातून तीन गोष्टी शिकायच्या. एक, भंगारात सगळं जड सामान रशियन असतं. दोन, एकट्याने उचलता आला तर तो स्टुडिओ कॅमेरा नव्हे. दोघं लागले पाहिजेत. तीन, 'टेलिव्हिजन' हा शब्दही गाळा.

पायरी चौथी: उरलेला छंद

आता नाव आटोपशीर झालं: 'जुने सोव्हिएत कॅमेरे जमवणे व त्यांची नोंद ठेवणे'. आणि गंमत अशी की आता वस्तू मिळू लागतात.

फिल्मच्या जमान्यात ज्यांना जपानी एसएलआर परवडत नव्हता त्यांच्याकडे झेनिट असायचा. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९६५ पासून झेनिट-ई बनू लागला आणि या एकट्या नमुन्याचे ३३ लाखांहून जास्त नग निघाले. त्यावर बहुधा हेलिओस-४४ भिंग, ५८ मिलिमीटरचं, ज्याची बांधणी जर्मनांच्या बायोटारवरून घेतलेली. नंबर पाहायला शिका: बहुतेक झेनिटच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे बनल्याचं साल. ७८ने सुरू होत असेल तर १९७८.

भिंग पारखताना आपला मुलूख लक्षात ठेवा. मुंबई-कोकणाकडच्या दमट हवेत भिंगांना बुरशी लागते, जाळं धरल्यासारखी. आपल्याकडे बुरशी कमी. पण मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या भिंगातलं ग्रीस पातळ होऊन आतल्या पात्यांवर येतं. टॉर्च मारून पात्या पाहा. तेलकट चमकल्या तर भाव पाडा.

एक सावधगिरी. 'लायका' म्हणून कोणी सोन्याचा मुलामा दिलेला, गरुड कोरलेला कॅमेरा दाखवला तर हुरळू नका. खारकोव्हमध्ये अनाथ मुलांची एक वसाहत होती. शिक्षणतज्ज्ञ माकारेन्को ती चालवत. तिथल्या मुलांनी १९३४ पासून जर्मन लायकाची हुबेहूब नक्कल बनवली आणि तिला फेड हे नाव पडलं, गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांवरून. पुढे लोकांनी याच फेडवर आणि तिच्या झोर्की नावाच्या बहिणीवर पुन्हा 'लायका' कोरून त्या विकल्या. नकलेची नक्कल! जळगावात पारख सोपी आहे. असला कॅमेरा घेऊन मी सराफ बाजारात गेलो. सराफाने तो कानाजवळ धरला, नखाने एकदा घासला आणि परत दिला. "पितळ," म्हणाला. "पण घडणावळ चांगली आहे."

माझ्या माहितीतला सर्वांत चांगला झेनिट एरंडोलला आहे. त्याचे मालक, आपण त्यांना नाना म्हणू, पंचाहत्तरी ओलांडलेले, स्टुडिओ बंद करून बसलेले. जुन्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलेला कॅमेरा त्यांनी गोदरेजच्या कपाटातून काढला. चामड्याचं खोकं वाळून पापडासारखं झालेलं. कॅमेऱ्याच्या कपाळावर प्रकाश मोजणारी जाळीदार काच असते, ती त्यांनी खिडकीकडे केली. वरच्या पट्टीतला काटा हलला. सेल नाही, वायर नाही, उजेडावरच चालतो. पंचेचाळीस वर्षांनीही हलला.

"बटण दाबा," म्हणाले. मी दाबलं. खाटकन आवाज झाला, कडी घातल्यासारखा. "मंगलाष्टकात भटजी दचकायचे."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याही माहितीपत्रकात या शब्दांत नाही. झेनिटच्या खिडकीतून जेवढं दिसतं त्यापेक्षा फिल्मवर जास्त उमटतं. फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची, खिडकीत दिसतं ते जेमतेम २० बाय २८. "मी नवरा-नवरी बरोबर धरायचो. धुऊन आल्यावर कडेला कोणीतरी उभं असायचंच. न बोलावलेलं. कोणाची विधवा मावशी, कोणाचा वाढपी. आधी मी कापून द्यायचो. मग लोकंच यायला लागले, नाना, त्या फोटोच्या कडेला आमची आजी होती, तिचा दुसरा फोटो नाही, काढून द्या."

मी भाव विचारला. नानांनी पदर पुन्हा गुंडाळला. "हा नाही द्यायचा. लिहून घ्यायचं तर घे."

'जमवणे' हा शब्द इथे गळाला.

पायरी पाचवी: कॅमेऱ्याशिवायचा कॅमेरा

या पायरीवर 'कॅमेरे'ही सोडून द्यायचे आहेत. कारण खान्देशाने सोव्हिएत टीव्ही कॅमेरा पाहिला नसला तरी सोव्हिएत टीव्ही कॅमेऱ्यातून एकदा तरी पाहिलं असावं. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून उडाले आणि दुसऱ्या दिवशी साल्यूत-७ स्थानकावर पोचले. तिथून इंदिरा गांधींशी त्यांचं जे बोलणं झालं ते देशभर दाखवलं गेलं. त्या अवकाशयात्रींच्या समोर जो कॅमेरा होता तो आपल्याला दिसत नाही. तो आपल्या बाजूला होता. आपणच तो होतो म्हणा.

नोंद करताना प्रश्न असे विचारा: कोणाच्या घरी पाहिलं? संच कोणता होता, डायनोरा की वेस्टन? त्याला लाकडी शटर होतं का आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असायची? अँटेना फिरवायला गच्चीवर कोण चढलं होतं? 'राकेश शर्मा काय म्हणाले' हे विचारू नका, ते सगळ्यांना पाठ आहे. गच्चीवर चढलेल्याला काहीच दिसलं नव्हतं. त्याची आठवण जास्त मोलाची असते.

पायरी सहावी: नोंद

आता नावातून उरलं आहे एवढंच: 'नोंद ठेवणे'. आणि यासाठी धुळ्याइतकं योग्य गाव महाराष्ट्रात नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवर नि पेटाऱ्यांत सडणारे कागद मिळवून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापली. त्यांचं दफ्तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आहे. शंकरराव देवांनी समर्थांची नि रामदासींची बाडं अशीच जमवली, ती धुळ्याच्याच समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. या दोघांना तलवारी मिळाल्या असत्या तर कदाचित त्यांनी त्या भिंतीवर लावल्या असत्या. मिळाले कागद, म्हणून ते वाचावे लागले.

दुसरं तीर्थ चाळीसगावला, रेल्वे स्टेशनजवळ. फोटोग्राफर केकी मूस तिथल्या 'आशीर्वाद' बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षं राहिले आणि उंबऱ्याबाहेर क्वचितच पडले. टेबलावर हाताशी येईल ते मांडून, त्यावर उजेड पाडून त्यांनी डोंगर, वादळं, वाळवंटं घरातच उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. जगभरची पारितोषिकं चाळीसगावच्या टपालाने येत राहिली. १९८९ साली ते गेले. बंगला, फोटो, वस्तू आजही तिथे पाहायला मिळतात. नवशिक्याने तिथे जाऊन फोटो तर पाहावेतच, पण कोणीतरी ते सांभाळून ठेवले, हेही पाहावं.

रजिस्टरात रकाने असे आखा: क्रमांक, तारीख, वस्तू, मापं, नंबर, कुठे आहे, कोणाकडून आली. शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवा: 'मालक काय म्हणाला'. त्याच्याच शब्दांत लिहा. तो झेनिटला 'झेनथ' म्हणत असेल तर झेनथ. पेन्सिलीने लिहा. 'दुर्मिळ' हा शब्द वापरू नका. ज्याला वस्तू विकायची आहे त्याचा तो शब्द आहे.

नेहमीच्या शंका

*यात पैसा आहे का?* आहे. एसटीला जातो.

*घरचे काय म्हणतात?* सुरुवातीला बोलतात. मग गप्प बसतात. मग एखाद्या संध्याकाळी सासरे स्वतःहून त्यांचा पहिला रेडिओ घेऊन येतात आणि म्हणतात, याचंही लिहा.

*'हळद' कोणाची?* कॅसेट एकदा चालवून पाहिली. अंगणात खाट, खाटेवर नवरदेव, भोवती बाया. मागच्या भिंतीवर दुकानाची अर्धी पाटी दिसते. ती पाटी मी पारोळा, अमळनेर आणि धरणगावला शोधून आलो. नोंद क्रमांक एक म्हणून ती चढवली आहे आणि शेवटचा रकाना कोरा आहे.

*संग्रहात आजवर किती सोव्हिएत टीव्ही स्टुडिओ कॅमेरे आहेत?* शून्य. पण हा शून्य साधा नाही. त्याच्यासमोर कोणत्या दिवशी, कोणत्या गल्लीत, कोणाला विचारलं आणि तो काय म्हणाला, हे सहा पानं भरून लिहिलेलं आहे. माझ्यानंतर या वाटेने येणाऱ्याला निदान गल्ली नंबर चारला पुन्हा चक्कर मारावी लागणार नाही.

असं मी गेल्या आठवड्यापर्यंत म्हणत होतो. परवा रात्री त्याच भंगारवाल्याचा फोन आला. "भाऊ, रशियन माल शे. टीव्हीवाला." मी म्हटलं, गेल्या खेपेलाही तू हेच म्हणाला होतास. तो जरा थांबला. "नही भाऊ. हाई उचलाले दोन जन लागतस."

उद्या सकाळच्या पहिल्या एसटीची दोन तिकिटं काढली आहेत. दुसरं नानांचं.